नेमक्या टीकेअभावी आटलेले लेखन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी भाषा गौरव दिनाच्या आगेमागे आंतरजालावरील मराठी लेखनाविषयी दोन मते हमखास वाचायला मिळतात. पहिले असे की, पूर्वी कधी नव्हते इतके लोक आज मराठीत लिहू लागले आहेत. दुसरे असे की, मायबोली, मनोगत, मिसळपाव यांसारख्या संकेतस्थळांवरील वर्दळ ओसरली, कारण तेथील जुन्याजाणत्यांच्या बोचऱ्या टीकेने नवोदितांना पळवून लावले. पहिल्या मताशी माझे भांडण नाही. दुसऱ्या मतात मात्र अर्धेच तथ्य आहे आणि उरलेल्या अर्ध्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे आपण रोगावर उलटा उपाय करीत आहोत, म्हणजे जिथे तिथे केवळ कौतुक वाटत आहोत, असे मला वाटते.

मायबोली १९९६ साली सुरू झाली, मनोगत २००४ साली, मिसळपाव २००७ साली. या स्थळांवर सगळेच उत्तम लिहिले गेले असे कोणी म्हणणार नाही. सामान्य कवितांचा तेथे पूर येत असे. तरीही तेथे एक गोष्ट घडत होती, जी छापील माध्यमांत फार थोड्यांच्या वाट्याला आली. ‘मनात’ आणि ‘घरात’ असे काफिये (यमके) घेऊन मतला, म्हणजे गझलेचा पहिला शेर, बांधायचा आणि तिसऱ्या शेरात ‘रीत’ आणायचे, ही नवशिक्या गझलकाराची नेहमीची चूक. तेथे कोणीतरी त्याच दिवशी अलामत, म्हणजे काफियातील सारखा राहणारा स्वर, मोडल्याचे दाखवून देई. भुजंगप्रयात वृत्तातील एखाद्या चरणात मात्रा वाढली असेल तर ती कोणत्या शब्दापाशी वाढली तेही सांगे आणि पुष्कळदा पर्यायी शब्द सुचवी. लिहिणारा इंदूरचा, सांगणारा न्यू जर्सीचा आणि दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलेही नाही, असे सर्रास होत असे.

ही रीत आंतरजालाने शोधलेली नव्हे. गझलकार सुरेश भट नवोदितांना गझलेचे नियम सांगणारी ‘गझलेची बाराखडी’ टपालाने पाठवीत आणि पत्रांतून त्यांच्या शेरांवर बोलत. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक राम पटवर्धन कथा कोठे सैल पडली आहे ते लेखकाला सविस्तर पत्रे लिहून कळवीत. (‘सत्यकथे’च्या अभिरुचीविरुद्ध बंड झाले, १९६९ साली तिचा अंक जाळलाही गेला, हे मी विसरलेलो नाही. परंतु माझ्या समजुतीप्रमाणे ते बंड निवडीच्या निकषांविरुद्ध होते, काळजीपूर्वक वाचण्याविरुद्ध नव्हते.)

आता तक्रारीतील खऱ्या अर्ध्या भागाकडे येतो. संकेतस्थळे जुनी होत गेली तसे तेथे कंपू तयार झाले. कोणी लिहिले आहे हे पाहून प्रतिसाद ठरू लागले. नव्या सदस्याची कविता म्हणजे ‘जिलबी’ असे चार शब्दांत निकालात काढणे हा काहींचा विरंगुळा झाला. विडंबनाची गंमत मी नाकारत नाही; मूळ वृत्त सांभाळून केलेले चांगले विडंबन हेही बारकाईने केलेले वाचनच असते. परंतु पहिलीच कविता टाकणाऱ्याला कोणी त्यातील एका ओळीबद्दलही बोलले नाही आणि सगळे हसण्यातच रमले, तर त्याने पुन्हा का यावे?

इंग्रजी विकिपीडियाचा अनुभव येथे आठवतो. तेथील सक्रिय संपादकांची संख्या २००७ साली शिखरावर पोहोचली आणि त्यानंतर कित्येक वर्षे घसरत राहिली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की चांगल्या हेतूने आलेल्या नवख्यांची भर वाढत्या प्रमाणात परतवली जात होती, तीही बऱ्याचदा अर्धस्वयंचलित साधनांनी, आणि असे नवखे टिकत नव्हते. तेथे २०१२ साली नवख्यांच्या प्रश्नांना अनुभवी सदस्यांनी आपुलकीने उत्तरे द्यावीत म्हणून ‘टीहाऊस’ नावाचे स्वतंत्र दालन उघडावे लागले. कारण न देता मिळालेला नकार माणसाला घालवतो, एवढे यावरून मान्य करायला हरकत नाही.

पण मराठी स्थळांवरून केवळ नवोदितच गेले नाहीत. त्यांच्याआधी काळजीपूर्वक वाचणारे गेले आणि त्याची चर्चा कोणी करीत नाही. एखाद्या कथेवर नीट अभिप्राय लिहायचा तर ती दोनदा वाचावी लागते, निवेदक मध्येच का बदलला ते शोधावे लागते, अर्धा-पाऊण तास सहज जातो. त्या श्रमाला ‘मग तुम्हीच लिहून दाखवा’ असे उत्तर वारंवार मिळू लागले, लेखकाचे चाहते धावून येऊ लागले, तेव्हा असे वाचक एक तर वाचनमात्र राहिले किंवा ‘छान, पु.ले.शु.’ (पुढील लेखनास शुभेच्छा) एवढे लिहून मोकळे होऊ लागले. असे वीस प्रतिसाद मिळालेल्या लेखकालाही काही काळाने समजते की आपले लेखन कोणी खरोखर वाचलेले नाही. त्याचाही उत्साह मावळतो. तो दुखावून जात नाही, कंटाळून जातो, इतकाच फरक.

आज ही लिहिणारी-वाचणारी मंडळी व्हॉट्सअ‍ॅपच्या साहित्यसमूहांत आहेत. तेथे टीका होऊ शकत नाही, याला स्वभावाइतकीच रचनाही कारणीभूत आहे. एका समूहात हजाराहून अधिक माणसे असू शकतात. सकाळी टाकलेली कविता दुपारपर्यंत शुभेच्छांच्या आणि इतर कवितांच्या खाली गाडली जाते, तिच्याविषयीचे बोलणे तिच्याखाली एकत्र राहत नाही. शिवाय समूहात मामी असतात, माजी मुख्याध्यापक असतात, कार्यालयातील साहेब असतात. त्यांच्या मुक्तछंदाला नुसते तोडलेले गद्य कोण म्हणणार? संकेतस्थळावरील टोपणनावाने गैरवापराला वाव दिला हे खरे, पण नात्याच्या दडपणाविना बोलण्याची मोकळीकही त्यानेच दिली होती.

संकेतस्थळांच्या चालकांना माझी विनंती आहे की, लेखन प्रकाशित करतानाच लेखकाला ‘सविस्तर टीका हवी आहे’ किंवा ‘केवळ वाचनासाठी’ असे नोंदवण्याची सोय द्यावी आणि जेथे टीका मागितली आहे तेथे प्रतिसादकाने निदान एक ओळ उद्धृत करूनच मत मांडावे असा दंडक ठेवावा. व्यक्तीवरील शेरे काढून टाकावेत. लेखनावरील कठोर शेरे, लेखकाने तक्रार केली तरीही, राहू द्यावेत. हे शेवटचे पाळणे सर्वांत अवघड आहे, कारण तक्रार करणारा दिसतो आणि गप्प झालेला वाचक दिसत नाही.

आपणही यात वाटा उचलू शकता. रविवार पुरवणीत वाचकांच्या कविता छापल्या जातात, मात्र नापसंत साहित्याबाबत पत्रव्यवहार केला जात नाही. येणाऱ्या टपालाचा आणि ईमेलचा भार पाहता ते समजण्यासारखे आहे. तरी महिन्यातून एकदा कवीच्या संमतीने एका कवितेचा पहिला खर्डा, त्यावरील एखाद्या जाणकाराचे टिपण आणि दुरुस्त खर्डा असे शेजारी शेजारी छापावे. पाव पानात हे बसेल. सुरुवात एखाद्या प्रस्थापित कवीच्या खर्ड्याने केली तर नवोदितांचा संकोच कमी होईल. त्यासाठी तयार होणारा प्रस्थापित कवी शोधणे हे काम मात्र आपल्यालाच करावे लागेल.

कळावे,
आपला एक नियमित वाचक, सांगली