सूचना : वनस्पती रोगतज्ज्ञ होऊ पाहणाऱ्या सदस्यांसाठी

सदस्यहो, येत्या रविवारी सकाळी १० वाजता रोगनिदानाचा सराव आहे. प्रत्येकाने एक रोगट नमुना आणायचाच आहे.

पूर्ण कुजलेलं पान नको. रोगट आणि निरोगी भाग जिथे भेटतो ती कड हवी, कारण रोगकारक तिथेच जोमात असतो. नमुना कागदात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणा धरून भलतीच बुरशी चढते आणि मग चोर सोडून संन्याशाला फाशी होते.

टोमॅटोचं सुकू लागलेलं झाड मिळालं तर खोडासकट आणा. खोडाचा ताजा काप स्वच्छ पाण्यात टांगला, की जिवाणूजन्य मर (जिवाणूंमुळे झाड सुकण्याचा रोग) असल्यास काही मिनिटांत जिवाणूंचे दुधाळ धागे खाली उतरतात. हे डोळ्यांनी बघण्यासारखं आहे.

पीसीआर (रोगकारक त्याच्या डीएनएवरून ओळखायची प्रयोगशाळेतली चाचणी), सूक्ष्मदर्शक वगैरे नंतर कधीतरी. ते शिकवणारे पुष्कळ आहेत. पिकात उभं राहून हा रोग आहे की अन्नद्रव्याची कमतरता, हे सांगणारे मात्र शोधावे लागतात. नोकरीच्या मुलाखतीतही गाडी तिथेच अडते, असं माझं मत.

कॉखची गृहीतकं (अमुक जंतूमुळेच अमुक रोग होतो हे सिद्ध करायच्या अटी) वाचून या, विचारणार आहे. येणं जमणार नसेल तर शनिवार संध्याकाळपर्यंत कळवा.

— संयोजक