दोन काळ्या पट्ट्यांबद्दल, ताईंना

प्रिय ताई,

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण आपल्या फोटो मंडळाच्या बैठकीत तुम्ही माझा फोटोही सगळ्यांसमोरच सोलला होता. फिट्टंफाट.

तुम्हाला तो दिवस आठवत नसेल. दर महिन्याला इतक्या जणांचे फोटो तुमच्या नजरेखालून जातात. मला मात्र त्या टेबलावरचा शाईचा डागसुद्धा आठवतो. कॅमेरा घेऊन आठ महिने झाले होते. घरच्यांनी आणि मित्रांनी ‘वा’, ‘भारी’, ‘तू आता हेच कर’ असं म्हणून मला हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवलं होतं. आजी खिडकीपाशी बसून सुईत दोरा ओवतेय, असा एक फोटो मोठा प्रिंट करून मी आणला होता. खरं सांगायचं तर सल्ला नको होता, कौतुक हवं होतं.

तुम्ही प्रिंट हातात घेतला आणि बराच वेळ काहीच बोलला नाहीत. मग म्हणालात, “आजींच्या एका कानातून दांडा शिरलाय आणि दुसऱ्यातून बाहेर पडलाय.”

सगळे हसले. मीही हसलो, पण कान तापले होते. खिडकीच्या अर्ध्या पडद्याचा दांडा खरंच बरोबर कानांच्या रेषेत आला होता. तो फोटो मी शंभरदा तरी पाहिला असेल, दांडा एकदाही दिसला नव्हता. मी आजीकडे बघत होतो, कॅमेरा सगळीकडे बघत होता.

मग चेहऱ्याची पाळी आली. खिडकी आजीच्या पाठीमागे, कॅमेऱ्याने मापलेला उजेड खिडकीचा, त्यामुळे आजी कोळशासारखी. मी बाजू सावरली, “ते मुद्दाम सिल्हूट केलंय, उजेडापुढे नुसती काळी आकृती.” तुम्ही मान हलवलीत. “सिल्हूट असतं तर आकार कळला असता. इथे आजी कुठे संपतात आणि खुर्ची कुठे सुरू होते, सांगा बघू.” मला सांगता आलं नाही.

एवढ्यावर थांबला असतात, तर मी पुन्हा आलो नसतो. पण तुम्ही पिशवीतून काटकोनात कापलेल्या दोन काळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या काढल्यात, समोरासमोर ठेवून त्यांची चौकट केलीत आणि माझ्या प्रिंटवर ती सरकवायला लागलात. आधी खिडकी गेली. मग दांडा गेला. मग खुर्ची, चेहरा, सगळंच. शेवटी तळहाताएवढ्या जागेत उरले आजीचे दोन हात, अंगठ्याने दाबून धरलेली सुई आणि नेढ्यापासून केसभर दूर राहिलेलं दोऱ्याचं टोक. “फोटो हा आहे,” तुम्ही म्हणालात. “बाकीचं कशाला घेतलंत?”

ताई, त्या क्षणी जे झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी काढलेल्या फोटोत मला न दिसलेला फोटो होता, आणि तो दुसऱ्याच कुणीतरी पाहिला होता.

निघताना माझा पडलेला चेहरा बघून तुम्ही अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगच्या फोटोतल्या अंगठ्याची गोष्ट सांगितलीत. 1936 साली कॅलिफोर्नियात, मजुरांच्या तळावर, तिने एका आईचे आणि तिच्या मुलांचे फोटो काढले, लांबून सुरुवात करून जवळ जवळ सरकत. त्यातला सगळ्यांत जवळचा जगभर गेला. पण त्याच्या खालच्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला त्या आईचा अंगठा आला होता. तो लँगला इतका खुपला की तिने नंतर निगेटिव्हवरून तो पुसून घेतला. अजूनही निरखून पाहिलं तर त्याची पुसट खूण दिसते म्हणे, आणि घरी जाऊन मी पाहिली, दिसते. मला धीर देऊन झाल्यावर तुम्ही मात्र थांबला नाहीत: “तिचा अंगठा कोपऱ्यात होता हो. तुमचा दांडा डोक्यात आहे.” तेव्हापासून माझं नाव दांडेवाला पडलं ते पडलंच.

पुढच्या महिनाभरात मी आजीला इतक्या वेळा सुई ओवायला लावली की तिने घरातलं सगळं शिवणकाम संपवलं. तिला खिडकीला काटकोनात बसवलं, म्हणजे उजेड बाजूने हातांवर पडेल. पन्नास मिलिमीटरची लेन्स, एफ 1.8 वर पूर्ण उघडी (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं), साठ सेंटिमीटरवरून. सुईचं टोक लख्ख आणि दोरा धूसर, नाहीतर दोरा लख्ख आणि सुई धूसर. मी लेन्सला दोष दिला. तेव्हा आपल्या मंडळातल्या नानांनी कागद ओढून हिशेब मांडून दाखवला: एवढ्या जवळून, एवढ्या उघड्या लेन्सला जे नीट फोकसमध्ये येतं, त्याची जाडी जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर. आजीचे हात त्यात मावणार कसे? एफ 5.6 वर गेलो तर ती जाडी तिप्पट होते, पण उजेड जवळपास दहावा हिस्सा उरतो.

मग शटर किती वेळ उघडं ठेवायचं? लेन्स पन्नासची असेल तर सेकंदाच्या एक पन्नासांशाहून हळू जायचं नाही, हा नियम मला पाठ होता. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, लहान, त्यात हात हललेला जास्त दिसतो, म्हणून एक ऐंशीवर तर मी स्वतःला सुरक्षितच समजत होतो. नाना म्हणाले, “तो नियम तुझ्या हातासाठी आहे रे. आजीच्या हातासाठी नाही.” ऐंशी वर्षांचा हात सुई धरून थरथरतो, हे मला रोज दिसत होतं आणि तरी सुचलं नव्हतं. एक दोनशे पन्नासवर गेलो, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, 3200 पर्यंत चढवला. फोटोत वाळूसारखे दाणे आले. दाण्यांची मला भारी धास्ती. नानांनी प्रिंट हातभर लांब धरला आणि म्हणाले, “दाणे चालतात, हललेलं चालत नाही.” नाना, हे पत्र तुमच्याही हाती पडेल, तेव्हा या परिच्छेदाचे आभार तुमचे.

बाकीच्यांचीही देणी आहेत. पांढरी मांजर पांढऱ्या भिंतीपुढे राखाडी का येते, हे एकाने दोन वाक्यांत उलगडलं: कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मधल्या राखाडीच्या आसपास आहे असं धरून चालतो, त्याला काय माहीत मांजर पांढरी आहे, तू उजेड एक पायरी वाढव, प्लस एक कर. रंग भडक करत सुटलो होतो, माझ्या त्या विषारी हिरव्या झाडांच्या काळात तुम्ही सगळ्यांनी जो संयम दाखवलात, त्याबद्दल तर बोलायलाच नको.

एका बाबतीत मात्र माझं आणि तुमचं जुळलेलं नाही. बाकावर एकट्या बसलेल्या माणसाचा माझा फोटो. वरचं रिकामं आकाश तुम्ही पट्ट्यांनी निम्मं कापलंत, दुसऱ्या कुणी तृतीयांशाचा नियम काढला (चौकटीचे तीन समान भाग करून मुख्य गोष्ट त्या रेषांवर ठेवायची). त्यावर तुम्हीच सुनावलंत की तो नियम 1797 मध्ये इंग्रज चित्रकार जॉन थॉमस स्मिथने चित्रांसाठी मांडला, तेव्हा कॅमेऱ्यातून टिकाऊ फोटो उमटायला अजून तीसेक वर्षं होती. नियम झटकलात, पण पट्ट्या हलवल्या नाहीत. मला ते आकाश हवंय, ताई. त्या माणसाच्या डोक्यावर तेवढं ओझं हवंच. घरी येऊन मी तुमचं ऐकून कापून पाहिलं, पुन्हा जोडलं, आठवडाभर दोन्ही समोर लावून ठेवले, आणि तरी हवंय. तुमच्याशी इतका वेळ मनातल्या मनात भांडता आलं, त्याचेही आभार.

तुम्ही कधी ‘वाईट’ म्हणाला नाहीत आणि ‘छान’ तर नाहीच. “इथे काय बघत होतास?” एवढंच विचारायचात. दुसऱ्या खेपेपासून ‘तुम्ही’चा ‘तू’ झाला होता, तेवढंच काय ते कौतुक. उत्तर देता येईना म्हणून कितीदा मी फोटो पिशवीतच ठेवून परत गेलोय, हे तुम्हाला माहीत नाही. हल्ली शटर दाबण्याआधी तो प्रश्न ऐकू येतो, आणि बऱ्याचदा मी दाबतच नाही.

सोबत हातांचा प्रिंट पाठवतोय. सुईही लख्ख आहे, दोराही. कडांना मुद्दाम जरा जास्त जागा सोडली आहे, पट्ट्यांना काम राहावं म्हणून.

आजीला तो फारसा आवडलेला नाही. “नुसते हात काय लावायचे भिंतीवर?” म्हणते. तिच्या खोलीत पहिलाच फोटो आहे, कोळशासारखा, दांड्यासकट. तुमचं म्हणणं तिला सांगून पाहिलं. ती म्हणाली, “दांडा नसता तर पडदा कशावर राहिला असता, विचार तुझ्या ताईंना.”

विचारलं आहे.

तुमचा,
दांडेवाला