आधी स्वयंपाकघर दाखवा म्हणालीस, त्याबद्दल

प्रिय डॉक्टर,

पहिले पंधरा दिवस मी तुला अहो-जाहो केलं, आठवतं का? माझ्या धाकट्या मुलीपेक्षाही तू लहान, स्कूटीवरून यायचीस, हेल्मेट काढलं की केस सगळे पिंजारलेले. पण सदतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेल्या बाईला शिकवणाऱ्याशी अदबीनं बोलायची सवय असते. नंतर कधी ‘तू’वर आले ते माझं मलाच कळलं नाही. पत्रात नाव लिहू नका म्हणालीस, म्हणून लिहीत नाही. सांगलीत घरी जाऊन व्यायाम घेणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुली काही कमी नाहीत, त्यामुळे तू ओळखू येणार नाहीस. तुला मात्र लगेच कळेल.

तू आलीस ती नोव्हेंबर 2022 मध्ये. तोवर माझे तीन मणके चेपून झाले होते. पहिला त्याच वर्षी फेब्रुवारीत. कोल्हापूरचं लग्न आटोपून येताना बसमध्ये शेवटच्या बाकावर जागा मिळाली. मिळाली हेच नशीब, असं तेव्हा वाटलं होतं. वाटेत गतिरोधक आला, बसचा वेग काही कमी झाला नाही, मी वीतभर वर उडाले आणि जोरात आपटले. तीन आठवडे मलम, शेक, ओवा-सैंधव सगळं झालं. कुणी म्हणालं गॅस धरला असेल, कुणी म्हणालं उसण भरली. शेवटी एक्स-रे काढला तर पाठीचा बारावा मणका पुढून दबून पाचरीसारखा झालेला. सहा महिने पट्टा बांधून काढले, आणि गौरी यायच्या आदल्या दिवशी पलंगाखालची मुखवट्यांची पेटी वाकून ओढली, तर त्याच्या खालचा गेला. तेव्हाच्या एमआरआयमध्ये वर आठव्या जागी आणखी एक जुनाच दबलेला सापडला. तो कधी गेला याचा मला पत्ताच नव्हता. पाठीचे निम्म्याहून जास्त फ्रॅक्चर असे गुपचूपच होतात, हे तूच सांगितलंस. माझ्या सेवापुस्तकात उंची 155 सेंमी लिहिलेली आहे. तू भिंतीशी उभी करून मोजलीस तेव्हा 149 भरली. साड्यांचे काठ जमिनीवर लोळायला लागले होते, आणि मी समजत होते, नेसण्यातच ढिलाई आली.

हाडांची तपासणी झाली, टी-स्कोअर, म्हणजे हाडांच्या घनतेचा आकडा, उणे 3.6. उणे 2.5 किंवा त्याच्या खाली गेलं की हाडं ठिसूळ झाली असं धरतात, म्हणजे मी बरीच पुढे गेले होते. कारणही तू दुसऱ्याच भेटीत शोधलंस. ‘पाळी कधी गेली?’ हा साधा प्रश्न तोवर मला कुणी विचारला नव्हता. 1996 साली, एकोणचाळिसाव्या वर्षी पिशवी काढली, तेव्हा अंडाशयंही काढून टाकली होती. पुढे हाडांचं काय होईल, कॅल्शियम घे, तपासणी कर, असं त्या वेळी एका शब्दानं कुणी बोललं नाही. आमच्या पिढीतल्या किती बायकांच्या पिशव्या अशा गेल्या! त्यांना आता साठीत कंबर धरून चालताना बघते तेव्हा थांबवून सांगावंसं वाटतं. दोघींना थांबवलंही. एक चिडली.

पण मी लिहायला बसले ते आजाराचं पुराण सांगायला नाही. मला आठवतो तो पहिला दिवस. मी पलंगावर चादर नीट करून व्यायामाला तयार होऊन बसले होते. तू बॅग ठेवलीस आणि म्हणालीस, ‘काकू, आधी स्वयंपाकघर दाखवा.’ मला वाटलं पाणी हवं असेल. तर तू ओट्याशेजारी स्टुलावर बसलीस आणि मला रोजच्यासारखा चहा करायला लावलास, कुकर लावायला लावलास, चार भांडी घासायला लावलीस. तासभर तू नुसती बघत होतीस आणि वहीत काहीतरी लिहीत होतीस. मी मनात म्हटलं, या पोरीला कशाचे पैसे द्यायचे?

मग तू बोटं घालून दाखवलंस, की माझ्या शेवटच्या बरगडीत आणि कमरेच्या हाडात एक बोटसुद्धा नीट मावत नाही. आणि मला पहिल्यांदा कळलं की हाड जुळलं तरी दुखतं का. मणका जुळतो तो दबलेल्या आकारातच. अंग पुढे झुकतं आणि मागचे स्नायू दिवसभर ते ओढून धरत राहतात. ‘कळशी कडेवर घेतली तर कोसभर नेता येते, हात लांब करून धरली तर उंबऱ्यापर्यंतही नाही. तुमच्या पाठीचं तसं झालंय,’ असं म्हणालीस. शहरात वाढलेल्या तुला कळशी कुठून सुचली देव जाणे.

सिंकमध्ये स्टूल आणि त्यावर घासायचा टब आला. ओट्याखाली पाट आला, एक पाय आलटून पालटून ठेवायला. देवघर जमिनीवरून टेबलावर गेलं. माझ्या सासूबाई असत्या तर तुला घरात घेतलं नसतं. बादली अर्धीच, कुकर ह्यांनी उचलायचा, वाकायचं ते कंबरेतून नव्हे तर खुब्यातून, उठायचं ते ओंडक्यासारखं कुशीवर वळून. शिंक आली की एक हात भिंतीला आणि पाठ ताठ. हे शेवटचं मला हास्यास्पद वाटलं होतं, पण शिंकेनंसुद्धा मणका जाऊ शकतो हे कळल्यापासून मी भिंत बघूनच शिंकते.

हॉलमधल्या योगवर्गात मी वर्षभर कपाळ गुडघ्याला लावायचा प्रयत्न करत होते, हे तुला सांगितलं तेव्हा तुझा चेहरा बघण्यासारखा झाला. मग तू अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचा 1984 चा अभ्यास सांगितलास. हाडं ठिसूळ झालेल्या 59 बायका. पुढे वाकायचे व्यायाम केलेल्या 9 जणींपैकी 8 जणींचे मणके पुढे आणखी दबले. पाठ मागे ताणायचे व्यायाम केलेल्या 25 जणींपैकी फक्त 4 जणींचे. एवढ्याशा पटावर निकाल लावू नये, असं मी मास्तरीणपणानं म्हटलंही. तू म्हणालीस, ‘बरोबर आहे काकू, पण तुम्हाला त्या नवांत बसायचंय का?’ दुसऱ्या दिवशीपासून पोटाखाली उशी घेऊन पालथं पडणं आणि खांदे मागे ओढून दहा मोजणं सुरू झालं. योगवर्गाला मी खुर्ची टाकून जाते आता, गप्पांसाठी.

सगळ्यात मोठं जे केलंस ते मात्र व्यायामाचं नव्हे. तू मला दुखण्याची वही घालायला लावलीस: वेळ, त्या वेळी काय करत होते, आणि दहापैकी किती. महिन्याभरात दिसलं की रोज अकराला आणि सहाला आकडा सात-आठवर जातो, आणि मी आडवी होते ती आठ झाल्यावर. तू म्हणालीस, चार असतानाच आडवं व्हायचं. ऐकायला किती सोपं! पण आमच्याकडे दिवसा अंथरूण टाकलं की घरात अवदसा येते, असं ऐकत मी लहानाची मोठी झाले. बाळंतीण आणि आजारी सोडून भर दुपारी कोण लोळतं? कुणी आलं की मी धडपडून उठायचे, आणि त्या धडपडीचे दोन दिवस भोगायचे. हे तुला कधी बोलले नव्हते, पण तू ओळखलंस. तुझ्या छापील कागदावर औषध लिहावं तसं लिहिलंस: ‘उताणं झोपणे, 15 मिनिटं, दिवसातून 4 वेळा, दुखत नसलं तरी.’ खाली सही, तारीख. फ्रिजवर चिकटवलंस. त्यानंतर शेजारच्या वहिनी आल्या तर हे आतूनच सांगायचे, ‘बसा, तिची औषधाची वेळ झालीय.’ वहिनी बसायच्या आणि मी पडून बोलायचे. त्या एका कागदानं माझी किती लाज गेली, हे पोटात रोज सुई टोचून घ्यायचं ते महागडं इंजेक्शन लिहून देणाऱ्यांनाही कळणार नाही. (ते 24 महिन्यांचं इंजेक्शन पूर्ण झालं. आता वर्षातून एकदा सलाइनमधून औषध असतं.)

आणि फेब्रुवारी 2024. मी फोनवर म्हटलं, उद्यापासून येऊ नकोस, काही उपयोग नाही. तू तरीही आलीस. व्यायामाचं नाव काढलं नाहीस. मणक्यांवर हलके हलके ठोकून बघितलंस, दुखणं नेहमीच्या जागी आहे की नवीन जागी हे तीनदा विचारलंस, आणि त्याच दिवशी एक्स-रेला पाठवलंस. नवीन काही मोडलं नव्हतं. मला वाटलं, आता म्हणशील, मग मनाचंच आहे. बाकीचे म्हणतातच, वय झालं, थोडं सोसायला शिका. तू चहा ढवळत म्हणालीस, ‘दुखतंय ते खरंच आहे काकू. फक्त आज नवीन काही तुटलेलं नाही, म्हणून घाबरून पडून राहायचं कारण नाही.’ ही दोन वाक्यं वेगवेगळी असतात हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. वाईट दिवशी मी ती अजून पुटपुटते. हल्ली वहीत बहुतेक दिवस तीन-चार असतात. सातही येतो, विशेषतः पाहुणे गेल्यावर.

तू पुढच्या शिक्षणाला नागपूरला गेलीस. जाताना साडी घेतली नाहीस, पाकीटही नाही. म्हणून नाचणीच्या लाडवांचा डबा पाठवते आहे, गूळ घातलेला, तूप हात राखून. डबा परत करायची घाई नाही.

आता कामाचं. नातवाची मुंज पुण्यात आहे. गाडीनं जायचं ठरलंय, पुढच्या सीटवर, दर तासाला उतरून दहा मिनिटं चालायचं, असं मीच ठरवलंय. कार्यालयात पडायला एक खोली मागून घेतली आहे. बटू पाया पडला की त्याला उठवायला वाकायचं नाही, हेही लक्षात आहे. पण औक्षण करताना त्याच्यासमोर पाटावर बसावंसं वाटतं गं. किती मिनिटं बसू? की तिथंही खुर्चीच?

तुझी
काकू
सांगली