आप्पांचा ब्लॉक तपासणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आप्पांनी तुम्हाला अजून पाहिलेलं नाही. तुम्हीही पाहिल्यात त्या फक्त त्यांच्या लिव्हरच्या पेशी. तरी 'पुण्याच्या त्या स्लाइडवाल्या बाई' हा विषय आमच्या घरात रोज निघतो.

पहिल्या बायोप्सीच्या रिपोर्टात लिहिलं होतं, 'कार्सिनोमा, बहुधा दुसरीकडून पसरलेला'. रक्तातलं एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरमध्ये बरेचदा वाढणारं प्रथिन) नॉर्मल, त्यामुळे लिव्हरच्याच कॅन्सरचा संशय मागे पडला. मग एंडोस्कोपी, कोलोनोस्कोपी. मूळ काही सापडेना, आणि घरात 'चौथी स्टेज' हा शब्द मात्र येऊन बसला.

मे महिन्यात बायोप्सीचा तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक घेऊन साताऱ्याहून एसटीने निघालो. उन्हाने मेण वितळेल या भीतीने डबी ओल्या रुमालात गुंडाळून हातातच धरली होती. "५० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय हे वितळत नाही," असं सांगून तुम्ही आधी मला पाणी दिलंत.

पुन्हा बोलावलंत तेव्हा मायक्रोस्कोपपाशी बसवून एकेक स्लाइड दाखवलीत. लिव्हरच्या पेशी ओळखायची हेपपार-१ ही चाचणी जेमतेम फिकट उमटली होती. दुसरं कुणी तिथेच थांबलं असतं. तुम्ही अर्जिनेज-१ लावलंत, आणि ती स्लाइड तपकिरी रंगाने भरून गेली होती. अमोनियाचा युरिया करण्याच्या कामातलं हे एन्झाइम, आणि ते काम मुख्यतः लिव्हरच्या पेशींचं. कॅन्सर होऊनही त्या पेशींनी आपलं मूळ काम सोडलं नव्हतं! ग्लिपिकॅन-३ सुद्धा पॉझिटिव्ह. ते गर्भातल्या लिव्हरमध्ये असतं, मोठ्या माणसाच्या निरोगी लिव्हरमध्ये दिसत नाही. पित्तनलिकेकडे बोट दाखवणारं सीके-१९, आतड्याकडे नेणारी सीके-२० आणि सीडीएक्स-२, या तिन्ही स्लाइड निळ्याच, म्हणजे निगेटिव्ह, राहिल्या.

म्हणजे पसरून आलेला नव्हे, लिव्हरचाच: हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा. गाठ एकच होती, बाकी लिव्हर चांगलं होतं, म्हणून ऑपरेशन करता आलं. केमोची तारीख ठरली होती, ती रद्द झाली.

"'बहुधा' लिहून मला झोप लागली नसती," असं तुम्ही सहज बोलून गेलात. ते आईला सांगितलं तेव्हा ती देवघरासमोर बराच वेळ नुसती बसून राहिली.

ब्लॉक तुमच्याकडेच राहू द्या, असं सर्जन म्हणाले आहेत. पुढच्या सोनोग्राफीला आप्पांना घेऊन पुण्याला येतोय. त्यांना ती तपकिरी स्लाइड बघायची आहे.

आपला कृतज्ञ,
आप्पांचा धाकटा