मणक्याच्या जंतुसंसर्गाच्या रुग्णांसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

सत्तरी तालुक्यातील आमच्या गावचे एक काजू बागायतदार सध्या बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, दाखल आहेत. कमरेचे दोन मणके आणि मधली गादी यांत जंतुसंसर्ग झाला आहे. हंगाम आटोपता आटोपता पाठ धरली, ती सुटेना. वाकून बोंडू गोळा करणाऱ्याची पाठ दुखायचीच, असे सगळ्यांनी धरून चालले. गोळ्या झाल्या, लेप झाले, चोळून झाले. शेवटी कूस बदलायलाही दोघांनी धरावे लागू लागले, संध्याकाळी अंग तापू लागले, तेव्हा कुठे एमआरआय झाला.

कष्टाने धरलेली पाठ आडवे झाल्यावर बरीचशी सैल पडते. ही दुखी रात्रीही झोपू देत नाही. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक्स-रे अगदी साफ दिसू शकतो आणि ताप प्रत्येकाला येतोच असे नाही; म्हणून रक्ततपासणीत ईएसआर, सीआरपी (अंगातली सूज दाखवणारे आकडे) वाढलेले दिसले की एमआरआय टाळू नये. मधुमेही, डायलिसिसवरचे आणि नुकतीच पाठीची शस्त्रक्रिया झालेले यांना धोका जास्त. पायांतली ताकद कमी वाटली किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट न पाहता थेट इस्पितळ गाठा.

जंतू बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस असतो, पण आपल्याकडे क्षयरोगाचा संशयही कायम ठेवावा लागतो. दोघांची औषधे वेगळी. मणक्याच्या क्षयाची वर्षभर, कधी त्याहून जास्त चालतात. त्यामुळे आधी दोन्ही हातांतून वेगवेगळ्या बाटल्यांत कल्चरसाठी (जंतू वाढवून ओळखण्यासाठी) रक्त, गरज पडल्यास सीटी स्कॅनवर बघत सुईने मणक्यातला नमुना, आणि मग अँटिबायोटिक. रुग्ण अत्यवस्थ असेल तर डॉक्टर थांबत नाहीत, ते वेगळे. फार्मसीतून परस्पर आणलेल्या अँटिबायोटिकने मात्र कल्चरमध्ये जंतू सापडेनासा होतो, हे गावात सगळ्यांना सांगा.

क्षय नसेल, तर औषध साधारण सहा आठवडे चालते. पूर्वी बारा आठवडेही देत. फ्रान्समधल्या चाचणीत सहा आठवडे तितकेच गुणकारी ठरले, तिचे निष्कर्ष २०१५ साली आले. पू साठून मज्जारज्जूवर दाब आला, तर शस्त्रक्रिया.

‘गोमेकॉत उपचार होतात, सरकारी आरोग्यविम्याचे दीनदयाळ कार्ड आहे, मग वर्गणी कशाला?’ असे विचारणारे भेटतात. प्रश्न रास्त आहे. पण सोबत राहणाऱ्या बायकोची रोजंदारी बुडते, वाळपईहून बांबोळीचे हेलपाटे आणि बाहेरचे जेवण कुठल्या कार्डावर बसत नाही. या घरात कमावणारी माणसे दोनच, आणि दोघेही सध्या वॉर्डात.

रोख मदत आपल्या गावच्या मंडळाच्या खजिनदारांकडे द्यावी. पावती घेतल्याशिवाय कृपया कोणी पैसे देऊ नयेत. पैसे जमत नसतील तर आठवड्यातून एक फेरी गाडीने नेणे-आणणे, किंवा रात्री सोबतीला राहणे, तेही मोलाचे. कोणाच्या घरी वॉकर, कमोडची खुर्ची पडून असेल तर धुऊन-पुसून द्यावी. घरी आल्यावर ती लागेल आणि नंतर मंडळाकडे राहील. जमा-खर्च देवळाच्या फलकावर लावू. शिल्लक राहिलीच, तर ती पुढच्या रुग्णासाठी ठेवली जाईल.