आबांच्या शेजारच्या निवेदिकेस

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव घालायचं नाही ही तुमची अट पाळतोय. आभार मानायचे नाहीत असं मात्र तुम्ही म्हणाला नव्हता, म्हणून हे उघड पत्र.

दृष्टी अधू झाल्यापासून आबांना टीव्ही म्हणजे नुसता आवाज. त्यात मी हौसेने मिळवलेली मालिका इटालियन! रेनातो कास्तेल्लानी यांनी इटलीच्या राय दूरचित्रवाणीसाठी 1971 साली केलेली, लिओनार्दो दा विंचीच्या आयुष्यावरची. पडद्याखालच्या इंग्रजी ओळी आबांना दिसत नाहीत, आणि दिसल्या असत्या तरी काय कामाच्या? तुम्हाला इटालियन येतं एवढं ठाऊक होतं. पण रविवारची संध्याकाळ मोडून तुम्ही आबांच्या खुर्चीशेजारी बसाल आणि प्रत्येक प्रसंग मराठीत सांगाल, याची कल्पना नव्हती.

पहिल्याच प्रसंगात म्हातारा लिओनार्दो फ्रान्सच्या राजाच्या मिठीत प्राण सोडतो. आबा हळहळले. तेवढ्यात आजच्या काळातले कपडे घातलेला निवेदक पडद्यावर आला आणि तुमच्या तोंडून म्हणाला, की हे असं घडलंच नाही, ही लिओनार्दोचा जुना चरित्रकार वासारी याने लिहून ठेवलेली आख्यायिका. आबा खुदकन हसले. "ह्यो माणूस खरा दिसतोय," म्हणाले, आणि तिथून मालिकेला चिकटले. तुम्हीही त्या निवेदकाचाच कित्ता गिरवलात. कागदोपत्री काय आहे, ऐकीव काय आहे, हे थांबून सांगायचात. रंगवून सांगणं सोपं होतं. (2021 सालची नवी मालिका मी नंतर पाहिली. तिच्यात लिओनार्दोवर चक्क खुनाचा आळ आहे, आणि तो पटकथाकारांनी रचलेला. आबांना ती दाखवणार नाही.)

पण खरे आभार घोड्याचे.

मिलानच्या लुदोविको स्फोर्झाला आपल्या बापाच्या स्मरणार्थ काशाचा प्रचंड घोडा हवा होता, सात मीटरच्या पुढे उंच. इथवर तुम्ही आला होतात आणि आबांनी हात वर केला. आयुष्य उद्यमनगरातल्या फौंड्रीत गेलेला माणूस. "एका ओतात? मग खड्डा केवढा खोल? खाली पाणी लागलं न्हाई?" साच्यात ओल राहिली आणि वरून तापलेला रस पडला, तर वाफ साचा फोडून बाहेर येते, हे त्यांनी तुम्हालाच समजावलं.

पुढच्या रविवारी तुम्ही कागद घेऊन आलात. माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात 1960च्या दशकात पुन्हा हाती लागलेल्या लिओनार्दोच्या वहीतलं टिपण. घोडा उलटा ओतायचा तर खड्डा मिलानच्या भूजलाला भिडेल, हीच अडचण त्याला पडली होती. 20 डिसेंबर 1493 ला त्याने ठरवलं: घोडा कुशीवर आडवा ओतायचा, शेपटीशिवाय. आबा कितीतरी वेळ मान हलवत होते. डोळे गेल्यापासून त्यांच्या कामातलं कुणी त्यांना काही विचारलंच नव्हतं, ताई. आम्ही घरचे औषधांच्या वेळा विचारायचो. तुम्ही राइजर, म्हणजे साच्यात आटणाऱ्या रसाला भर पुरवणारा कप्पा, कुठे ठेवला असता ते विचारलंत, आणि ते खुर्चीच्या हातावर बोटाने आकृती काढून सांगत राहिले.

काशाचं पुढे काय झालं ते ऐकून मात्र त्यांनी अस्सल कोल्हापुरी शिवी हासडली. 1494 मध्ये तो सगळा धातू तोफांसाठी फेरारात गेला आणि 1499 मध्ये फ्रेंच तिरंदाजांनी लिओनार्दोने केलेल्या घोड्याच्या मातीच्या नमुन्यावर नेम धरले. ती शिवी तुम्ही मनावर घेतली नाहीत, त्याचेही आभार.

लिओनार्दो झालेल्या फिलिप लरवा यांचं 2024 मध्ये निधन झालं, हे आबांना सांगितलं. "आवाज बरा होता गड्याचा," म्हणाले.

आता त्यांचा नवा प्रश्न आहे. फ्लॉरेन्सच्या घुमटावर 1471 साली वेरोक्क्योच्या कारखान्याने तांब्याचा गोळा चढवला, हे तुम्हीच सांगितलंत. लिओनार्दो तेव्हा तिथेच उमेदवारी करत होता. पत्र्याचे सांधे कसे जोडले, झाळकाम कशाने केलं, आच कुठून दिली, हे आबांना हवंय. सवडीने बघाल का? रविवार रिकामाच ठेवलाय.

आपला,
आबांचा थोरला