फ्लूच्या ‘निगेटिव्ह’ अहवालावर नमुन्याची माहितीही छापावी

महोदय,

पावसाळ्यात फ्लूचे रुग्ण वाढतात आणि आरटी-पीसीआर या विषाणू शोधणाऱ्या चाचणीचा अहवाल ‘निगेटिव्ह’ आला, की रुग्णाचे नातेवाईक आणि पुष्कळदा डॉक्टरही निर्धास्त होतात. बरीच वर्षे प्रयोगशाळेत हीच चाचणी केल्यामुळे या निर्धास्तपणाची मला काळजी वाटते.

२००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी पुण्यात गेला, तेव्हा ही चाचणी मोजक्याच प्रयोगशाळांत होत असे. कोविडनंतर पीसीआर यंत्रे जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचली, ही मोठीच कमाई आहे. पण स्वॅब कसा घेतला जातो याकडे तेवढे लक्ष गेलेले नाही. नाकाच्या मागच्या भिंतीपर्यंत कांडी नेऊन ती हलकेच फिरवायची असते. त्या वेळी रुग्णाच्या डोळ्यांत पाणी येते, तो मान मागे घेतो आणि घाईत असलेला कर्मचारी नाकपुडीतूनच कांडी फिरवून मोकळा होतो. नायलॉनच्या कांडीऐवजी लाकडी काडीचा कापूस वापरला, किंवा व्हीटीएमची, म्हणजे नमुना ज्या द्रवात ठेवतात त्याची, नळी बर्फाच्या डब्याऐवजी दुपारभर टेबलावर राहिली, तर पुढे यंत्र कितीही उत्तम असले तरी उपयोग नाही.

या चाचणीत विषाणूच्या आरएनएपासून, म्हणजे त्याच्या जनुकीय द्रव्यापासून, डीएनए तयार करून त्याचा ठरावीक तुकडा चाळीसएक फेऱ्यांत वाढवला जातो. फ्लूच्या ‘ए’ प्रकारासाठी सहसा विषाणूचे मॅट्रिक्स जनुक शोधतात, कारण ते फारसे बदलत नाही. सोबत, नमुन्यात रुग्णाच्या पेशी आल्या आहेत ना हे पाहण्यासाठी, माणसाचे आरएनेज-पी हे जनुकही तपासतात. विषाणू सापडला नाही आणि हे जनुकही दिसले नाही, तर अहवाल ‘निगेटिव्ह’ नव्हे, ‘अवैध’ ठरतो आणि नमुना पुन्हा घ्यावा लागतो. मात्र ते दिसले म्हणजे कांडी योग्य जागी पोहोचली होती, असेही नाही. नाकपुडीतल्या पेशींतही ते असतेच. शिवाय न्यूमोनिया झालेल्या रुग्णाच्या घशात विषाणू सापडेनासा होऊन फुफ्फुसात मात्र टिकून असू शकतो. म्हणून अत्यवस्थ रुग्णाचा श्वासनलिकेतील स्राव तपासायला हवा आणि अहवालाची वाट न पाहता ऑसेल्टामिविर हे विषाणूविरोधी औषध सुरू करायला हवे, कारण ते आजाराच्या पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक गुणकारी असते.

दुसरा प्रश्न ‘पॉझिटिव्ह’ अहवालाचा. अनेक ठिकाणी ‘इन्फ्लूएंझा ए’ एवढेच लिहून विषय संपतो. नमुना ‘ए’ ठरूनही एच१एन१ किंवा एच३एन२ या नेहमीच्या उपप्रकारांपैकी कशातच बसत नसेल, तर तो तातडीने एनआयव्हीकडे, म्हणजे राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेकडे, गेला पाहिजे. जुलै २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये दगावलेल्या मुलाला एच५एन१ म्हणजे बर्ड फ्लू झाल्याचे पुण्याच्या याच संस्थेने स्पष्ट केले होते. उपप्रकार तपासलाच नाही, तर असा रुग्ण नेहमीच्या फ्लूच्या गर्दीत हरवून जाईल.

माझी आरोग्य विभागाला विनंती आहे, की नमुना नाकाचा, घशाचा की फुफ्फुसाचा, तो आजाराच्या कितव्या दिवशी घेतला, प्रयोगशाळेत केव्हा पोहोचला आणि उपप्रकार तपासला की नाही, या गोष्टी प्रत्येक अहवालावर छापणे सक्तीचे करावे. ही माहिती नमुन्यासोबतच्या अर्जात बहुतेक वेळा भरलेली असते. ती अहवालावर आणायला नवे यंत्र लागत नाही.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, पुणे